फ्रॅटर्निटीच्या चॅप्टरसाठी माजी सदस्यांना सल्लागार म्हणून कसं तयार करावं

२ फेब्रुवारी २०१७ च्या रात्री अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात बीटा थीटा पाय या फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बंधुमंडळाच्या, घरात नव्या मुलांना दारू पाजण्याचा कार्यक्रम झाला. टिमथी पियात्सा हा १९ वर्षांचा मुलगा तळघराच्या जिन्यावरून पडला. ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन गेला तो जवळजवळ १२ तासांनी. ४ फेब्रुवारीला तो गेला. या प्रकरणावर पुष्कळ बोललं गेलं, पण त्यातला एक तपशील सहसा सुटतो. कागदोपत्री ते घर दारूबंदीचं होतं, आत कॅमेरे होते, आणि एक प्रौढ सल्लागार त्याच घरात राहत होता. सल्लागार नेमला की आपलं काम झालं असं मानणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं सगळं समजायला सोपं जाईल.

‘हे श्रीमंत गोऱ्या मुलांच्या मोठ्या बंगल्यांतलं, आपल्या मुलांचं तसं नसतं,’ असं देशी पालक आणि देशी माजी सदस्य दोघंही म्हणतात. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजचा मायकेल डेंग पाय डेल्टा साय या आशियाई अमेरिकन फ्रॅटर्निटीच्या सहलीत मारला गेला. डोळ्यांवर पट्टी, पाठीवर वाळूने भरलेली पिशवी आणि समोरून येऊन पाडणारी मुलं, असा तो ‘विधी’ होता. जागा होती पोकोनो डोंगरातलं भाड्याचं घर. पुढे पेनसिल्व्हेनियात खटला चालला आणि मुलांबरोबर खुद्द फ्रॅटर्निटीलाही दोषी ठरवलं गेलं. त्या राज्यात १० वर्षं काम करायला तिला बंदी झाली.

दक्षिण आशियाई फ्रॅटर्निट्या वयाने तरुण आहेत. आयोटा नू डेल्टा १९९४ ला बिंगहॅमटनला सुरू झाली, सिग्मा बीटा रो १९९६ ला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, डेल्टा एप्सिलॉन साय १९९८ ला ऑस्टिनला, बीटा काय थीटा १९९९ ला यूसीएलएमध्ये. म्हणजे त्यांचे पहिले सदस्य आता पन्नाशीच्या आसपास आलेत, हाताशी थोडा वेळ आहे, आणि एडिसन किंवा ह्यूस्टनच्या मराठी घरांतली पुढची पिढी कॉलेजात निघाली आहे. हा लेख त्या माजी सदस्यांना चॅप्टरचे, म्हणजे फ्रॅटर्निटीच्या एकेका विद्यापीठातल्या शाखेचे, सल्लागार म्हणून तयार करणाऱ्यांसाठी आहे. मोठ्या, जुन्या फ्रॅटर्निटीचं काम पाहणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

पहिली पायरी: माणूस निवडणं

निम्मं प्रशिक्षण इथेच होतं किंवा हुकतं. जो माजी सदस्य आपल्या प्लेजिंगच्या, म्हणजे सदस्य होण्याआधीच्या उमेदवारीच्या, गोष्टी डोळे चमकवून सांगतो, त्याला घेऊ नका. गणेश मंडळाचा माजी अध्यक्ष दरवर्षी मांडवात येऊन ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हणतो ना, तो हाच. मुलांना तो फार आवडतो, म्हणून तर तो जास्त अवघड.

निवडीच्या गप्पांत एक प्रश्न जरूर विचारा: ‘तुझ्या प्लेजिंगमधली कोणती गोष्ट तू आज बंद करशील?’ ‘काहीच नाही, त्यामुळेच मी घडलो,’ असं उत्तर आलं तर आभार मानून त्याला निधी गोळा करण्याच्या कामावर घ्या. ‘अमुक एक गोष्ट, तेव्हा हसण्यावारी नेली, पण एक मुलगा त्यानंतर परत आला नाही,’ असं कुणी म्हणालं, तर त्याच्यात दम आहे.

पदवी घेऊन निदान ३-४ वर्षं झालेली असावीत. मागच्या वर्षीपर्यंत ज्यांच्याबरोबर पार्टी केली त्यांनाच ‘नाही’ म्हणणं बावीस-तेवीसाव्या वर्षी कुणालाच जमत नाही. दुसरं म्हणजे एकट्याला कधी नेमू नका. चार-पाच जणांचा गट करा: पैशाचा हिशेब पाहणारा एक, नव्या सदस्यांचं शिक्षण पाहणारा एक, अभ्यास आणि मुलांच्या प्रकृतीकडे लक्ष ठेवणारा एक, कार्यक्रमांची सुरक्षितता पाहणारा एक आणि या सगळ्यांना धरून ठेवणारा मुख्य सल्लागार. त्यातला एक तरी त्या चॅप्टरचा माजी सदस्य नसावा. दुसऱ्या विद्यापीठातला चालेल, आणि मुख्यालयाची परवानगी असेल तर फ्रॅटर्निटीबाहेरचे प्राध्यापक किंवा प्राध्यापिकाही. ज्याला त्या घराच्या जुन्या आठवणी नाहीत, त्याला वास लवकर येतो.

पार्श्वभूमी तपासणी सगळ्यांची करा, अगदी संस्थापकांचीसुद्धा. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असं कुणी विचारलं तर नियम सगळ्यांना सारखाच आहे एवढं सांगून फॉर्म पुढे करा.

दुसरी पायरी: एका पानाचा करार

स्वयंसेवक आहे म्हणून लेखी काही नको, ही आपली जुनी सवय. इथे ती महागात पडते. एका पानावर एवढं असू द्या: महिन्याला साधारण किती तास, मुदत किती (मी दोन वर्षं सुचवेन, वाढवता येणारी), कुणाला उत्तरदायी, आणि काय करायचं नाही. शेवटच्या मुद्द्याला सगळ्यात जास्त जागा द्या. मुलांबरोबर दारू प्यायची नाही, वय २१ च्या वर असलं तरी. मुलांना उसने पैसे द्यायचे नाहीत. चॅप्टरच्या नावावर स्वतः सही करून हॉल भाड्याने घ्यायचा नाही. ‘हे आपल्यात राहू दे’ असं वचन कुणाला द्यायचं नाही.

त्याबरोबर तीन प्रश्नांची उत्तरं मुख्यालय आणि विद्यापीठाकडून लेखी मिळवा. एक, स्वयंसेवक विम्यात येतो का, आणि कोणती अट मोडली की ते संरक्षण जातं? दोन, या विद्यापीठात विद्यार्थी संघटनेचा सल्लागार कॅम्पसवरच्या गुन्ह्यांच्या नोंदीसंबंधीच्या क्लेरी कायद्याखाली ‘कॅम्पस सिक्युरिटी ऑथॉरिटी’ धरला जातो का? तसं असेल तर कानावर आलेला गुन्हा विद्यापीठाला कळवणं त्याच्यावर बंधनकारक होतं. तीन, लैंगिक छळाची तक्रार कानावर आली तर टायटल नाइनच्या (शिक्षणातल्या लिंगभेदाविरुद्धच्या कायद्याच्या) कार्यालयाला कळवण्याची त्याची जबाबदारी कितपत आहे? ही उत्तरं विद्यापीठागणिक बदलतात, त्यामुळे शेजारच्या चॅप्टरवरून अंदाज बांधू नका.

मुलांचे गुण पाहायचे असतील तर विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदी खाजगी ठेवणाऱ्या १९७४ च्या फर्पा कायद्यानुसार विद्यार्थ्याची लेखी संमती लागते. सेमिस्टरच्या सुरुवातीलाच संमतीचे फॉर्म भरून घेतले की पुढे कटकट राहत नाही.

तिसरी पायरी: कायदा आणि नियम, अर्ध्या दिवसात

इथे वकिलाचं लांबलचक भाषण ठेवू नका, लोक झोपतात. चार गोष्टी पक्क्या डोक्यात बसल्या तरी पुरे.

पहिली गोष्ट, हेझिंगला, म्हणजे आत घेताना नव्या मुलांना दिल्या जाणाऱ्या त्रासाला, संमतीची ढाल नाही. २३ डिसेंबर २०२४ ला सही झालेल्या ‘स्टॉप कॅम्पस हेझिंग’ कायद्यातली व्याख्या समोरच्याची तयारी असो वा नसो लागू होते, आणि विद्यापीठाने मान्यता न दिलेल्या संघटनाही तिच्यात येतात. याच कायद्यामुळे विद्यापीठांना दोषी ठरलेल्या मान्यताप्राप्त संघटनांची नावं जाहीर अहवालात द्यावी लागतात. ‘मान्यता काढून घेतली, आता आम्ही भूमिगत चालवू’ म्हणणाऱ्या चॅप्टरला ती व्याख्या आवर्जून ऐकवा.

भारतात शिकलेल्या आई-वडिलांना हे रॅगिंगसारखं वाटतं. महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मध्येच केला, आणि रॅगिंगला बळी पडलेल्या अमन काचरू या विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर यूजीसीचे नियम २००९ मध्ये आले, त्यामुळे शब्द त्यांच्या ओळखीचा आहे. पण एक फरक प्रशिक्षणात उलगडून सांगायला हवा. आपल्याकडे वसतिगृहात आलेल्या ज्युनिअरला रॅगिंग नको असतं आणि ते त्याच्यावर लादलं जातं. फ्रॅटर्निटीत मुलगा स्वतःहून दारात उभा असतो. त्याला आत यायचं असतं आणि त्याची किंमत मोजायला तो तयार असतो. म्हणून तो तक्रार करत नाही, आणि विचारलं तर ‘मजा आली’ म्हणतो. सल्लागाराने त्या ‘मजा आली’वर विसंबायचं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे राज्याचा कायदा. पियात्साच्या नावाचा कायदा पेनसिल्व्हेनियात २०१८ मध्ये आला. लुइझियाना स्टेट विद्यापीठात २०१७ मध्ये दारू पाजून मारल्या गेलेल्या मॅक्स ग्रूव्हरच्या नावाचा लुइझियानात २०१८ मध्येच, तर कॉलिन वायंटच्या नावाचा ओहायोत २०२१ मध्ये. आपल्या राज्यात काय गुन्हा आहे, आणि माहीत असून गप्प बसणं हाही गुन्हा आहे का, हे एका कागदावर छापून प्रत्येकाच्या हातात द्या.

तिसरी गोष्ट दारूची. पिण्याचं कायदेशीर वय २१. नॉर्थ-अमेरिकन इंटरफ्रॅटर्निटी कॉन्फरन्सच्या सदस्य संस्थांनी १ सप्टेंबर २०१९ पर्यंत १५ टक्क्यांवरचं मद्य चॅप्टरच्या जागेत आणि कार्यक्रमांत बंद करायचं, असं ठरलं होतं. परवानाधारक विक्रेता ते देत असेल तेवढाच अपवाद. आपल्या लहान चॅप्टरना घर नसतं, म्हणून मुलं समजतात की हे नियम त्यांच्यासाठी नाहीत. नेमका तिथेच धोका असतो. चार जणांनी मिळून भाड्याने घेतलेलं अपार्टमेंट, सुट्टीतलं केबिन, ‘हा चॅप्टरचा कार्यक्रम नाही, मित्रांची पार्टी आहे’ हे वाक्य. डेंगच्या प्रकरणातही मालकीचं घर कुठे होतं?

चौथी गोष्ट, मदत मागणाऱ्याला संरक्षण. अनेक राज्यांत आणि विद्यापीठांत दारू प्यालेल्या मित्रासाठी ९११ ला फोन करणाऱ्यावर अल्पवयीन मद्यपानाची कारवाई होत नाही. आपल्या राज्याचा आणि कॅम्पसचा नियम नेमका काय आहे तो सल्लागाराला तोंडपाठ हवा, कारण रात्री दोन वाजता मुलगा तोच विचारणार आहे.

चौथी पायरी: भूमिकेचा सराव

खरं प्रशिक्षण इथून सुरू होतं, आणि बहुतेक ठिकाणी नेमकं हेच गाळलं जातं, कारण स्लाइड दाखवणं सोपं आणि नाटक करायला लाज वाटते. लाज बाजूला ठेवा. तिघातिघांचे गट करा. एक सल्लागार, एक विद्यार्थी अध्यक्ष, एक नुसता पाहणारा. दहा मिनिटं बोलणं, पाच मिनिटं त्यावर चर्चा, मग जागा बदलायच्या.

*प्रसंग एक.* अध्यक्ष सांगतो, ‘या वीकेंडला नव्या मुलांना घेऊन केबिनवर जातोय. टीम बिल्डिंग.’ नवा सल्लागार हमखास दोनपैकी एक करतो. एक तर ‘सांभाळून रे’ म्हणून सोडून देतो, नाहीतर ‘अजिबात जायचं नाही’ म्हणून मोकळा होतो. पहिल्याने काही कळत नाही आणि दुसऱ्याने पुढचं सगळं लपवलं जातं. त्याला साधे, ठोस प्रश्न विचारायला शिकवा. कोण कोण जातंय? गाडी कोण चालवणार? फोन नव्या मुलांकडेच राहणार ना? रात्री अकरा ते दोनमध्ये काय ठरलंय? एखाद्याला मध्येच घरी जायचं असेल तर तो कसा जाईल? वेळापत्रक आज रात्री मला पाठवशील? पाचव्या प्रश्नावर अध्यक्ष अडखळला तर सहलीबद्दल सगळं कळलंच. मग थांबवायचं, आणि थांबवलं हे मुख्यालयाला त्याच संध्याकाळी कळवायचं.

*प्रसंग दोन.* एका नव्या मुलाची आई फोन करते. देशी घरांत हे फार होतं, आणि बऱ्याचदा आईने फोन केलाय हे मुलाला माहीतही नसतं. ‘तो तीन दिवस झोपला नाहीये, फोनवर धड बोलत नाही. तुम्ही तिथले मोठे ना?’ मुलाच्या परवानगीशिवाय त्याच्याबद्दलची माहिती आईला द्यायची नाही, पण आईला वाऱ्यावरही सोडायचं नाही. ‘काकू, तुम्ही कळवलंत हे बरं केलंत. मी आजच पाहतो. तोवर डीन ऑफ स्टुडंट्सच्या कार्यालयालाही फोन करा, नंबर मी आत्ताच पाठवतो.’ आणि मग खरंच त्याच दिवशी मुलाला भेटायचं, चॅप्टरच्या अध्यक्षाला मध्ये न घेता. झोप न मिळणं ही हेझिंगची सगळ्यात जुनी खूण आहे.

*प्रसंग तीन,* आणि हा सगळ्यात अवघड. तुमच्याच बॅचचा मित्र, आज मोठा देणगीदार, नव्या मुलांना ‘खरी परंपरा’ दाखवायला बाटली घेऊन कॅम्पसवर येतो. मुलं त्याला अडवू शकत नाहीत. सल्लागाराने त्याला बाजूला घेऊन घरी पाठवायचं आहे. सराव करताना मोठमोठे मॅनेजर इथे गळपटतात. वाक्य आधीच ठरवून ठेवा: ‘तू आत गेलास तर मला आज रात्रीच मुख्यालयाला लिहावं लागेल. चल, मी तुला गाडीपर्यंत सोडतो.’ समजूत घालत बसायचं नाही, वाद तर मुळीच नाही.

प्रसंगांची यादी दरवर्षी बदला आणि मागच्या वर्षी खरोखर घडलेलं, नावं काढून, तिच्यात टाका.

पाचवी पायरी: पहिला तास

पियात्साच्या आणि डेंगच्या प्रकरणांत वाया गेलेला वेळच जीवघेणा ठरला. दोन्हीकडे मुलं ‘झोपून उठेल’ म्हणत राहिली आणि इंटरनेटवर लक्षणं शोधत बसली. म्हणून हा भाग इतका घोटवा की विचार करावा लागू नये.

प्यालेला माणूस हलवून उठत नसेल, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास घेत असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर पडत असेल, बेशुद्धीत उलटी करत असेल, झटके येत असतील, अंग गार किंवा ओठ निळसर असतील, तर ९११. यातलं एक लक्षणही पुरे, सगळ्यांची वाट पाहायची नाही. आणि पिऊन डोक्यावर पडला असेल तर लक्षणं असोत नसोत, ९११. मदत येईपर्यंत कुशीवर ठेवायचं आणि एकटं सोडायचं नाही. कॉफी नाही, थंड पाण्याची आंघोळ नाही, ‘चालवून आणू’ नाही.

सल्लागाराला फोन आला तर त्याचं पहिलं वाक्य एकच: ‘९११ ला लावलास का? नसेल तर माझा फोन ठेव आणि आधी तो लाव.’ त्यानंतरचा क्रम: मुख्यालयाची आपत्कालीन लाइन, मग विद्यापीठ. पालकांना कळवण्याचं काम विद्यापीठ आणि रुग्णालयाचं. सल्लागाराने अंदाजाने बातमी द्यायची नाही. मुलांना एवढंच सांगायचं की ग्रुप चॅट, फोटो, व्हिडिओ काहीही पुसू नका. ‘साफ करून टाका’ असं सुचवणारा सल्लागार स्वतः आरोपी होऊ शकतो. चौकशीही त्याने करायची नाही, कोण काय बोललं याची टिपणं काढत बसायचं नाही. पत्रकारांचे फोन मुख्यालयाकडे.

कुणी आत्महत्येचा विचार बोलून दाखवला, तर त्याच्याजवळ थांबून ९८८ हा मदतीचा क्रमांक लावायचा. धोका समोर दिसत असेल तर ९११. समुपदेशन केंद्राची वेळ घेऊन देणं दुसऱ्या दिवशीचं काम.

हे सगळं पाकिटात मावेल अशा कार्डावर छापा. फोनची बॅटरी संपते.

सहावी पायरी: वर्षाचं वेळापत्रक

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रश (सदस्यभरती) आणि नव्या मुलांचा काळ असतो. इथे सल्लागार आठवड्यातून एकदा तरी प्रत्यक्ष दिसला पाहिजे, आणि तोही न सांगता. ऑक्टोबरात मिडटर्म. दीक्षाविधीच्या आधीच्या आठवड्याला मी सगळ्यात जास्त घाबरतो, कारण ‘शेवटची रात्र’ मोठी करायची खुमखुमी असते. त्या आठवड्यात सगळा गट हजर ठेवा. नोव्हेंबर-डिसेंबरात निवडणुका. जुना अध्यक्ष परीक्षेत बुडतो आणि नव्याला काहीच माहीत नसतं, म्हणून हस्तांतराची बैठक सुट्टी लागण्याआधी सल्लागारासमोर व्हावी. जानेवारीत पुन्हा पहिल्यापासून. मे महिन्यात फक्त वर्षाचा हिशेब आणि निरोप.

सातवी पायरी: पैसा

लहान चॅप्टरमध्ये वर्गणी कुणाच्या तरी व्हेन्मो या पैसे पाठवण्याच्या ॲपवरच्या वैयक्तिक खात्यात जमा होते. ते पहिल्या महिन्यात बंद करा. चॅप्टरचा स्वतःचा कर क्रमांक, स्वतःचं बँक खातं, दोन सह्या. खजिनदाराचा महिन्याचा ताळा सल्लागाराने बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवून पाहायचा, पण सही करणारा तो नसावा.

आणि एक गोष्ट जी हमखास विसरली जाते: अनेक चॅप्टर अमेरिकी करकायद्याच्या ५०१ सी ७ या कलमाखाली करमुक्त असतात, म्हणून कुणी काही भरत नाही. पण वार्षिक जमा साधारणपणे ५०,००० डॉलर किंवा कमी असेल तरी ९९०-एन हे छोटं ऑनलाइन पत्रक भरावंच लागतं, आर्थिक वर्ष संपल्यावर पाचव्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. सलग तीन वर्षं राहिलं तर करमुक्ती आपोआप रद्द होते, आणि ते कळतं तेव्हा तीन खजिनदार पदवी घेऊन गेलेले असतात. चॅप्टर मुख्यालयाच्या सामूहिक पत्रकात येतो का, हे आधी विचारा. घर असेल तर ते सहसा माजी सदस्यांच्या वेगळ्या हाऊस कॉर्पोरेशनच्या मालकीचं असतं. तिचं पत्रक वेगळं, आणि शक्य असेल तर तिची माणसंही वेगळी ठेवा. भाडं वसूल करणाऱ्याला मुलं मनातलं सांगत नाहीत.

आठवी पायरी: जोडीने काम, मग मोकळं सोडणं

प्रशिक्षणाच्या दिवशी कुणालाही पूर्ण जबाबदारी देऊ नका. पहिलं सेमिस्टर नवा माणूस जुन्या सल्लागाराच्या सावलीत राहील. चॅप्टरच्या बैठकांना बसेल, बोलणार नाही. सहा आठवड्यांनी अर्ध्या तासाचा फोन करा आणि ‘कसं चाललंय?’ असं मोघम न विचारता विचारा, ‘या महिन्यात मुलांना तू कोणत्या गोष्टीला नाही म्हणालास?’ एकदाही म्हणाला नसेल तर एक तर तो जात नाही, किंवा गेला तरी मुलं त्याला काही दाखवत नाहीत. तेव्हा पुन्हा त्याच्याबरोबर जा. दरवर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला सगळ्यांची उजळणी, मुख्यतः प्रसंगांचा सराव.

मुदत संपली की माणूस खरोखर बाहेर पडू द्या. गट चॅटमधून नाव काढा, बँकेच्या कागदांवरून काढा, विद्यापीठाला कळवा. ‘जुने आहेत, राहू द्या’ म्हणून ठेवलेला सल्लागार दोन वर्षांनी फक्त होमकमिंगच्या (माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक मेळाव्याच्या) फोटोत दिसतो, आणि विद्यापीठाच्या यादीत मात्र तोच जबाबदार म्हणून लिहिलेला असतो. जाताना त्याच्याकडून दोन पानांची टिपणं लिहून घ्या: कोणता नियम मुलं वारंवार वाकवतात, कोणत्या माजी सदस्यावर लक्ष ठेवावं लागतं, डीनच्या कार्यालयात फोन कोण उचलतं. नवा माणूस पहिल्या बैठकीला जाण्याआधी ती वाचून जाईल.